पहिली भिंत आखण्याआधी बीआयएम तज्ज्ञ हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बीआयएम म्हणजे इमारतीचे माहिती भरलेले त्रिमितीय मॉडेल. त्यासाठी सॉफ्टवेअर येणारा एक माणूस ठेवला की झाले, अशी समजूत आर्किटेक्टांच्या बऱ्याच कार्यालयांत आहे. ड्रॉइंग निम्मी झाली की त्याला बोलावतात आणि ‘क्लॅश (म्हणजे एकमेकांत घुसलेले घटक) तेवढे तपासून द्या’ म्हणतात. तोवर त्याने करायच्या कामातले मोलाचे काम हातचे गेलेले असते. या माणसाचा सर्वांत जास्त उपयोग मॉडेलमध्ये पहिली भिंत आखण्याआधीच्या आठवड्या-दोन आठवड्यांत होतो. तो कसा, हे थोडे तपशिलात मांडतो.

पहिला प्रश्न मूळ बिंदूचा, म्हणजे मॉडेलमधली अंतरे जिथून मोजतात त्या बिंदूचा. सर्वेक्षकाच्या ड्रॉइंगमधले सहनिर्देशक बहुधा लाखो मीटरांत असतात. ते ड्रॉइंग आहे तसे आणून त्यावर इमारत उभी केली, तर ती सॉफ्टवेअरच्या अंतर्गत मूळ बिंदूपासून फार लांब जाऊन पडते. रेव्हिट या बीआयएम सॉफ्टवेअरमध्ये ही मर्यादा या बिंदूभोवती सुमारे १६ किलोमीटर त्रिज्येची आहे. त्यापलीकडे रेषा वेड्यावाकड्या दिसतात, स्नॅप (कर्सरने नेमका बिंदू पकडणे) चुकतो, मापांवर भरवसा राहत नाही. म्हणून इमारत मूळ बिंदूजवळच काढायची. ग्रिडचा, म्हणजे खांबांच्या आखणीरेषांचा, एक छेदबिंदू ठरवून त्याचे खरे सहनिर्देशक, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि उत्तरेचा कोन नोंदवायचे आणि सर्व सल्लागारांना हीच एक फाइल द्यायची. सुरुवातीला हे काम अर्ध्या दिवसात होते. सहा महिन्यांनी करायला घेतले तर प्रत्येकाचे मॉडेल सरकवावे लागते, आणि पिन केलेले (जागेवर खिळवलेले) किंवा होस्ट (ज्या भिंतीवर वा स्लॅबवर बसवले तो घटक) सुटलेले घटक मागेच राहतात.

लेव्हलचा घोळ याहून वाईट, कारण तो लवकर दिसत नाही. आर्किटेक्टची लेव्हल तयार फरशीच्या माथ्याची असते, स्ट्रक्चरल इंजिनिअरची स्लॅबच्या माथ्याची. मधला फरक ५० किंवा ७५ मिलिमीटरचा. दोघांनीही ‘पहिला मजला’ एवढेच नाव दिले आणि एकाने दुसऱ्याची लेव्हल उचलली, तर स्लॅब फरशीच्या जाडीइतका वर चढतो. सगळ्या मजल्यांवर सारखाच चढला तर मजल्यांमधली उंची बरोबरच दिसते. चूक कळते ती जिन्याच्या पहिल्या किंवा शेवटच्या पायरीला, नाहीतर दरवाजाच्या चौकटीला. फरशीची लेव्हल आणि स्लॅबची लेव्हल अशी दोन वेगळी नावे आधीच ठरवणे, एवढाच यावरचा उपाय.

मग कोणी काय आणि किती तपशिलाने मॉडेल करायचे, याचा तक्ता. एलओडी, म्हणजे तपशिलाची पातळी, हिच्या १०० ते ५०० या पायऱ्या घटकाला लावायच्या असतात, अख्ख्या मॉडेलला नाही. ‘आमचे मॉडेल एलओडी ३०० चे आहे’ या वाक्याला फारसा अर्थ नसतो. त्याच टप्प्यावर भिंती ३०० ला, फर्निचर २०० ला आणि शाफ्टमधले पाइप आधारांसकट ३५० ला असू शकतात. तक्ता नसला की उत्साही मंडळी नळाचे आटे आणि बिजागरीचे स्क्रू मॉडेल करतात. फाइल जड होते आणि स्लॅबमधली ओपनिंग मात्र राहून जातात. १:५ चा जोडतपशील द्विमितीत काढण्यात काहीही कमीपणा नाही.

रोजच्या निगराणीचे काम कंटाळवाणे आहे, म्हणूनच ते कुणा एकाच्या नावावर हवे. सर्वांची सामायिक मध्यवर्ती फाइल थेट उघडायची नाही, रोज सकाळी नवी लोकल प्रत घ्यायची. ऑटोकॅडचे ड्रॉइंग इम्पोर्ट करून फोडायचे नाही, लिंक करायचे आणि काम संपले की काढून टाकायचे. सॉफ्टवेअर दाखवते त्या इशाऱ्यांची यादी दर आठवड्याला वाचायची. त्यातले बरेच इशारे निरुपद्रवी असतात. ‘एकाच जागी दोन समान घटक’ आणि ‘खोली बंदिस्त नाही’ हे दोन मात्र तसे नाहीत. पहिल्याने दरवाजे दुप्पट मोजले जातात, दुसऱ्याने क्षेत्रफळाच्या तक्त्यातली खोली बिनआकड्याची राहते. नव्या आवृत्तीवर जायचे तर सर्व सल्लागारांनी एकाच दिवशी जायचे, कारण नव्या रेव्हिटमध्ये साठवलेली फाइल जुन्यात उघडत नाही.

माहिती भरण्याची शिस्तही यातच आली. दरवाजाच्या अग्निरोधक क्षमतेच्या रकान्यात एकाने ‘१२०’, दुसऱ्याने ‘२ तास’, तिसऱ्याने ‘दोन तास’ लिहिले, तर १२० चा फिल्टर लावल्यावर दोन प्रकारचे दरवाजे गायब होतात आणि शेड्यूल (मॉडेलमधून निघणारा तक्ता) वरवर नीटनेटकेच दिसते. तज्ज्ञ हे पॅरामीटर, म्हणजे माहितीचे रकाने, एका सामायिक फाइलमधून देतो, मान्य मूल्यांची यादी ठरवतो आणि यादीबाहेरचे मूल्य शोधणारी छोटी स्क्रिप्ट डायनॅमो या रेव्हिटसोबतच्या साधनात लिहून ठेवतो.

आता क्लॅश. चाचणी लावण्याआधी दोन गोष्टी पाहायच्या: आलेले मॉडेल आपल्या ग्रिडवर बसते का, आणि त्यात सगळे मजले आहेत का. नंतर जोड्या लावून चाचण्या करायच्या: स्ट्रक्चर विरुद्ध डक्ट (हवा वाहून नेणारा मार्ग), डक्ट विरुद्ध पाइप, फॉल्स सीलिंग विरुद्ध सगळेच. एकच डक्ट दहा तुळयांतून गेला तर सॉफ्टवेअर दहा क्लॅश दाखवते. प्रश्न एकच असतो. हजारो क्लॅशचा अहवाल ईमेलने धाडणे म्हणजे काम केल्याचा देखावा. गट पाडून पंचवीस-तीस मुद्दे काढायचे, प्रत्येकाला एक जबाबदार नाव आणि तारीख लावायची आणि बीसीएफ या मुद्दे कळवण्याच्या छोट्या फाइलने पाठवायचे. त्यात घटकाची ओळख, कॅमेऱ्याची जागा आणि शेरा एकत्र जातो, मॉडेल पाठवावे लागत नाही. भिंतीतून जाणारा पाइप हा मुळात दोष नाही, तिथे स्लीव्ह (पाइप जाण्यासाठी भिंतीत बसवलेली नळी) हवी एवढेच.

क्लॅशमध्ये न दिसणारे अडथळे ओळखायला मात्र अनुभवच लागतो. ६०० बाय ३०० चा डक्ट इन्सुलेशनशिवाय मॉडेल केला तर तुळईखालून आरामात जातो. २५ मिलिमीटरचे आवरण चहूबाजूंनी चढले की तो ६५० बाय ३५० होतो आणि अडतो. सांडपाण्याचा पाइप सपाट काढला तर क्लॅश शून्य. १:१०० चा उतार दिला की १२ मीटरांत तो १२० मिलिमीटर खाली येतो आणि तुळईला किंवा सीलिंगला लागतो. उताराने वाहणाऱ्या पाइपला वळसे घालता येत नाहीत. सीलिंगमधली जागा वाटताना त्याला पहिला मान द्यायचा, मग मोठे डक्ट, मग दाबाचे पाइप, शेवटी वायरिंग. व्हॉल्व्हपर्यंत हात पोचतो का, डॅम्परखाली (डक्टमधली हवा रोखणाऱ्या पात्याखाली) सीलिंगमधली तपासणीची झडप उघडते का, यासाठी मोकळ्या जागेची वेगळी चाचणी लावावी लागते.

मॉडेलमधून मोजलेल्या परिमाणांवरही लोक डोळे झाकून विश्वास ठेवतात. मॉडेलमधून निघालेला आकडा मॉडेल जसे काढले तसाच असतो. मजल्याची उंची ३.३ मीटर, तुळई आणि स्लॅब मिळून जाडी ०.४५ मीटर. तुळईखालची २०० मिलिमीटरची भिंत तुळईशी जोड न लावता पूर्ण उंचीची काढली, तर दर धावत्या मीटरला ०.०९ घनमीटर जास्तीचे बांधकाम मोजले जाते, खऱ्या २.८५ मीटर उंचीच्या तुलनेत जवळजवळ १६ टक्के. तसेच आयएफसी निर्यातीचे, म्हणजे कोणत्याही सॉफ्टवेअरला वाचता येणाऱ्या खुल्या स्वरूपात मॉडेल देण्याचे. चुकीच्या वर्गात केलेली फॅमिली (रेव्हिटमधला तयार घटक) दुसऱ्याकडे ‘प्रॉक्सी’, म्हणजे प्रकार न कळलेली वस्तू, म्हणून पोचते आणि त्याच्या मोजणीतून सुटते.

फाइलींच्या देवाणघेवाणीसाठी आयएसओ १९६५० हे मानक २०१८ पासून आहे. चालू काम, सामायिक, प्रकाशित आणि संग्रह या त्यातल्या चार अवस्था छोट्या कार्यालयालाही पाळता येतात. ‘फायनल’ आणि ‘फायनल नवीन’ अशा नावांच्या फाइलींतून साइटवर जुने ड्रॉइंग जाणे त्याने बरेच थांबते.

या माणसाने काय करू नये, तेही सांगितले पाहिजे. डक्ट अडला म्हणून त्याने स्वतः तो सरकवू नये; तो एमईपी (वातानुकूलन, वीज व प्लंबिंग) सल्लागाराचा निर्णय आहे. तुळईत ओपनिंग चालेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअर सांगेल. मात्र मूळ बिंदू, नावे, पॅरामीटर आणि निर्यात यांत अंतिम शब्द त्याचा असावा, आणि तपासणीत नापास झालेले मॉडेल बाहेर जाऊ न देण्याचा अधिकार त्याला बीआयएम अंमलबजावणी आराखड्यात लेखी मिळावा. तोंडी अधिकार ड्रॉइंग द्यायच्या आदल्या रात्री टिकत नाही.

उरला पैशांचा मुद्दा, आणि तो कार्यालयांचा एकट्याचा दोष नाही. अमेरिकन आर्किटेक्ट पॅट्रिक मॅक्लीमी यांच्या नावाने ओळखला जाणारा आलेख हेच दाखवतो: कष्ट पुढच्या टप्प्यांवरून आधीच्या टप्प्यांवर आणले तर बदल स्वस्त पडतात. फी मात्र अजूनही बहुतेक करारांत कार्यकारी ड्रॉइंगच्या टप्प्यावरच भरघोस असते, म्हणून सुरुवातीला कोणी माणूस लावत नाही. संकल्पनेच्या टप्प्यातच बीआयएमच्या मांडणीची वेगळी रक्कम करारात लिहा. आणि तज्ज्ञाची निवड करताना त्याच्याकडून रेंडर (इमारतीची चकचकीत चित्रे) मागू नका. दोनशे इशारे असलेली एक जुनी फाइल द्या, आणि कोणते इशारे आधी काढाल व का, ते तासाभरात लिहून मागा.

आपले,
बीआयएम समन्वयाचे काम करणारे काही वाचक