मुकीला पुन्हा आत सोडायचंय

मखमलाबाद, नाशिक

प्रिय मंदे,

काल संध्याकाळी आमच्या मुकी कोंबडीनं कळपावर राज्य करणाऱ्या पाटलीण कोंबडीला मागे हटवलं. ह्यांना सांगितलं, तर "बरं झालं" म्हणून त्यांनी पेपर उघडला. तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना, म्हणून लिहायला बसले. आईचा गुडघा तसाच आहे, माझं बीपी ठीक.

मुकी आठवते ना? दिवाळीत आलीस तेव्हा डाळिंबाखाली एकटी उभी असायची, फिक्या तुऱ्याची. सगळ्यांचं खाऊन झाल्यावर उरलेली कणी वेचायची. कालच्या तलंगा, कोवळ्या कोंबड्यासुद्धा तिला टोचून जायच्या. तीच थंडीत खुडूक होऊन अंडी उबवायला बसली. खुराड्यात ठेवली असती तर बाकीच्या तिच्याच जागेत अंडी घालायला घुसल्या असत्या आणि ढकलाढकलीत उबवायची अंडी फुटली असती. म्हणून तिला पडवीत वेगळी बसवली. एकविसाव्या दिवशी पिल्लं फुटली. एक तर हुबेहूब आपल्या वाड्यातल्या सोनी कोंबडीच्या रंगाचं आहे गं.

आता काळजी ही, की मुकी इतके दिवस कळपाबाहेर राहिलीय. कोंबडी अशी बाहेर राहिली की तिची जागा जाते, परतली की परकीच. मुकीची जागा मुळातच तळाची. त्यात पिल्लांना कुणी टोचलं आणि रक्त दिसलं, की सगळ्या त्याच जागी तुटून पडतात. सोनीच्या पिल्लाचं काय झालं ते आपण दोघींनी वाड्यात पाहिलंय. तेव्हा तू म्हणाली होतीस, "कोंबड्यांचं कोंबड्या बघतील." मी वार्षिक परीक्षेपर्यंत तुझ्याशी बोलले नव्हते. अजूनही मला ते पटलेलं नाही, मंदे.

आणि तुझा तो दुसरा उपाय, रात्री अंधारात गुपचूप आत ठेवायचं, सकाळी कुणाला कळत नाही! एकट्या मोठ्या कोंबडीला चालतो कधीकधी. पिल्लांसकट नाही. सकाळी सगळ्यांना दिसतंच, आणि तेव्हा आपण अंथरुणात असतो. तुझ्या मते जगातलं प्रत्येक भांडण झोपेत मिटतं, म्हणून तर आत्याबाईंशी तुझं अजून मिटलं नाही.

मी बागेतली जुनी जाळी आणून अंगणाचे दोन भाग केलेत. एकीकडे मुकी आणि पिल्लं, दुसरीकडे बाकीच्या. दिवसभर एकमेकींना बघतात, शेजारी शेजारी दाणे टिपतात, पण चोच पोचत नाही. रात्री दोन्हीकडची दारं पक्की लावते, इकडे बिबट्याची भीती आहेच. काल पाटलीण जाळीला चोच लावून सोनीरंग्या पिल्लाकडे बघत होती. मुकीनं खाणं टाकलं, पिसं फुलवली, पंख जमिनीला घासत अशी झेपावली की जाळी थरथरली. पाटलीण दोन पावलं मागे सरली, मग मान वळवून निघूनच गेली. मंदे, पाटलीण! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

तुला आपली गणिताची वही आठवते? मागच्या पानांवर कोण कुणाला टोचते ते लिहायचो. नॉर्वेच्या थोरलीफ श्येल्डरूप-एब्बेनंही लहानपणापासून कोंबड्यांकडे असंच बघत राहून १९२१ मध्ये ही उतरंड आपल्या प्रबंधात मांडली. त्याला डॉक्टरेट मिळाली, आपल्याला कुलकर्णीबाईंची छडी.

जाळी काढली तरी तिचा एक तुकडा कोपऱ्यात राहू देऊन त्याला खालून विटा लावून फट ठेवणार आहे, पिल्लू जाईल आणि मोठी कोंबडी अडेल एवढीच. जीव घेऊन पळायला पिल्लांना जागा हवी. दाणापाणी तीन-चार ठिकाणी ठेवीन, म्हणजे पाटलिणीला एकाच भांड्यावर राज्य करता येणार नाही. खाणंही बदललं. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, पिल्लांना साधारण एकच टक्का पुरतं, जास्त झालं की त्यांच्या मूत्रपिंडाला मार बसतो. म्हणून सगळ्यांना पिल्लांचंच खाद्य देते आणि मोठ्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवते. जखम झालीच तर लावायला जांभळं औषधही आणून ठेवलंय.

पण खरं भय पुढचं आहे. सहा-आठ आठवड्यांत मुकी पिल्लांना स्वतःच टोचून दूर करील, पुन्हा अंड्यावर येईल. हे धैर्य पिल्लांचं आहे की तिचं? पिल्लं सुटली की परत डाळिंबाखाली जाऊन उभी राहिली तर मला बघवणार नाही. कळपात सोडायचं तर आत्ताच, ती अशी पेटलेली असताना, म्हणजे बाकीच्यांना तिची ही नवी ओळख पटेल, असं मला वाटतं. हे म्हणतात, पिल्लं थोडी मोठी होऊ दे. पिल्लं मोठी होतील, पण तिचा जोर तोवर ओसरेल.

विनीचा साखरपुडा ठरला ना? मुलगा कसा आहे? बदलीचं काय झालं? सविस्तर लिही, फोनवर तू नुसती हसतेस.

आणि आक्कांना नक्की विचार: त्यांच्याकडे अशी तळाची कोंबडी पिल्लं सुटल्यावरही वर टिकली होती का? मला त्यांच्या डोळ्यांवर विश्वास आहे. जाळी मी रविवारी काढतेय, हे घरी असतात, एक फळी घेऊन पाटलिणीजवळ उभे राहतील. दिवसभर अंगणातून हलणार नाही. त्याआधी आक्कांचं काही वेगळं म्हणणं असेल तर लगेच फोन कर, रात्रीसुद्धा चालेल.

तुझी,
शोभा