हिशेब मागणे म्हणजे छळ नव्हे

संपादक महोदय,

जालना-बीडकडच्या लहान ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, कोणी चार शब्द उलट बोलले की 'हा विश्वासूंचा छळ' असे म्हणून मोकळे व्हायची सवय पडली आहे. पाळक (पाद्री) उपदेशातून टोमणे मारतात, टीकाकार व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांची परतफेड करतो.

बायबलमधले नहेम्याचे पुस्तक दोघांनीही काढून वाचावे. नहेम्याच्या देखरेखीखाली यरुशलेमेचा कोट उभा राहत असताना विरोधक तोबीया हिणवत होता : कोल्हा चढला तरी ढासळेल! नहेम्याने प्रार्थना केली, पहारा बसवला, काम थांबवले नाही. पुढे विरोधकांकडून चार वेळा भेटीचे बोलावणे आले. चारही वेळा निरोप तोच, हातातले काम मोठे आहे, येता येत नाही. 52 दिवसांत कोट पुरा झाला. मधला पाचवा अध्याय मात्र आपण सोयीने गाळतो. तिथे गरिबांनी आपल्याच श्रीमंत बांधवांविरुद्ध गाऱ्हाणे घातले : शेते गहाण पडली, मुले दास झाली. नहेम्याने सभा भरवून सावकारांना शेते आणि व्याज परत करायला लावले. हिणवणाऱ्याकडे दुर्लक्ष, गाऱ्हाण्याची दखल.

दानाचा हिशेब विचारणारा तोबीया नव्हे. उपासना संपताच दोघांनी रक्कम मोजावी, वहीत दोघांच्या सह्या असाव्यात, महिन्याचा जमाखर्च फलकावर लागावा. बरीचशी कुरबुर तिथेच थंडावते. व्यक्तीविरुद्ध तक्रार असेल तर मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या 18व्या अध्यायातला क्रम आहेच : आधी एकांतात भेट, मग एक-दोन साक्षीदार, शेवटी मंडळी. आपल्याकडे सुरुवातच मंडळीपासून, तीही ग्रुपवर! निनावी मजकुराला तर उत्तरच देऊ नये.

खचलेल्या सेवकांचे काय? बायबलमधला संदेष्टा एलीया खचून मरण मागत झुडपाखाली निजला, तेव्हा देवदूताने त्याला उठवून भाकर-पाणी दिले. पुन्हा निजला, पुन्हा दिले. उपदेश एका शब्दाचा नाही. देवाशी बोलणे पुढे होरेब डोंगरावर झाले, आणि तिथून निघाल्यावर अलीशा हा मदतनीस सोबतीला मिळाला. आपण थकलेल्या रविवारच्या शाळेच्या बाईंना मोबाइलवर वचन पाठवतो, मदतनीस देत नाही. दसरा-दिवाळीनंतर घरेच्या घरे ऊसतोडीला जातात, वर्गात चार-पाच पोरे उरतात, आणि बाईंना वाटते आपलेच शिकवणे कमी पडले. त्यातून कमिटीतला कोणीतरी 'संख्या घटली' म्हणून ऐकवतो. हजेरीपटावर गैरहजर न लिहिता 'कारखान्यावर' लिहावे, हंगाम संपेपर्यंत लहान-मोठे वर्ग एकत्र करावेत आणि बाईंना आलटून-पालटून रविवारची सुटी द्यावी. वार्षिक सभेत नव्या कमिटीने निदान एवढे दोन ठराव करावेत : फलकावर जमाखर्च आणि प्रत्येक वर्गाला दोन शिक्षक.

– एक वाचक, जालना