सिस्टर, सुजेचा हिशेब तुम्ही शिकवलात

आदरणीय सिस्टर,

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. घरी पोटाचं डायालिसिस, म्हणजे पीडी करणाऱ्या बाकीच्यांच्याही ते उपयोगी पडेल.

पाय सुजले की जो तो एकच सांगायचा, पाणी कमी प्या. तुम्ही मात्र आधी मिठाचं विचारलंत. मीठ जास्त गेलं की तहान लागणारच, तिच्याशी किती भांडणार? दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत आणा, तहान आपसूक कमी होईल, हे तुमचं म्हणणं मला तंतोतंत पटलंय. लो सोडियम म्हणून मिळणाऱ्या मिठात बहुतेक वेळा पोटॅशियम असतं, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका, हेही तुम्ही तेव्हाच बजावलंत.

मग वही. सकाळी निचरा झाल्यावर, म्हणजे पोटात सोडलेलं डायालिसिसचं पाणी बॅगेत काढून घेतल्यावर, पोट रिकामं असताना वजन. नडगीवर अंगठा थोडा वेळ दाबून धरायचा आणि खळगा किती वेळ राहतो ते बघायचं. निघालेली बॅग ताणकाट्याला टांगायची. आत सोडले २ लिटर आणि काटा दाखवतोय २३०० ग्रॅम, म्हणजे साधारण ३०० मिलि पाणी अंगातून निघालं. एका दिवसात वजन किलोभर चढलं तर ते जवळजवळ एक लिटर पाणीच, चरबी एवढ्या घाईने चढत नाही!

सूज दिसली की ४.२५ टक्के ग्लुकोजची, म्हणजे सगळ्यात जास्त साखरेची बॅग लावायचा मोह होतो, कारण ती पाणी जोरात ओढते. पण तीच रोज वापरली तर रक्तातली साखर चढते आणि पोटाच्या पडद्यालाही त्रास होतो, म्हणून १.५ की २.५ हे वही बघून ठरवायचं. निचरा कमी आला तर आधी नळीला पीळ पडलाय का, पोट साफ झालंय का ते तपासायचं. बद्धकोष्ठतेनं निचरा अडतो हे मला कोण सांगणार होतं?

पण खरे आभार त्या गोळीबद्दल. वजन जागच्या जागी, निचरा व्यवस्थित, धाप नाही, तरी संध्याकाळी घोट्यावर मोज्याचा खोल वळ. तुम्ही वही चाळलीत आणि म्हणालात, ‘हे पाणी बॅगेनं जायचं नाही. गोळ्यांची यादी दाखवा.’ बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू होती, तिनं घोटे सुजू शकतात. तुम्ही डॉक्टरांच्या कानावर घातलंत, त्यांनी गोळी बदलली आणि वळ उथळ होत गेला. नाहीतर आम्ही बॅगा चढवत बसलो असतो आणि अंगातलं हवं ते पाणीही काढून टाकलं असतं. त्याच भेटीत अल्ब्युमिनचा, म्हणजे रक्तातल्या प्रथिनाचा रिपोर्टही पाहिलात, कारण पीडीच्या पाण्यातून प्रथिनं जातात आणि ती घटली की सूज येते.

एकच पाय सुजला, दुखतोय, किंवा आडवं झाल्यावर दम लागतोय, तर वहीत लिहीत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. हे तुमचं वाक्य मुलीनं ठळक अक्षरात मशीनच्या वर चिकटवलंय.

पुढच्या तपासणीला वही आणतोच. मधली काही पानं बायकोच्या अक्षरात आहेत, तेवढं लावून घ्या.

आपला,
तुमचा एक पेशंट