फिगर फोटोग्राफी वर्कशॉपमध्ये मॉडेलला दिलेल्या वागणुकीबद्दल तक्रार

नमस्कार,

तुमच्या कस्टमर केअरला हा माझा तिसरा मेल आहे. आधीच्या दोन्हींना एकच उत्तर आलं, "मॉडेलने रिलीज साइन केलेलं आहे, त्यामुळे कंपनीच्या बाजूने काही इशू नाही." (रिलीज म्हणजे फोटो वापरायला मॉडेलने परवानगी देण्याचा फॉर्म.) म्हणून आता सगळं सविस्तर लिहितोय, आणि हे कस्टमर केअरवाल्यांनी वाचून बंद करू नये, जो कोणी वर्कशॉपचे निर्णय घेतो त्याच्यापर्यंत पोचवावं ही विनंती.

मी तुमचा जुना कस्टमर आहे. पोर्ट्रेट आणि स्टुडिओ लाइटिंगचे दोन वर्कशॉप तुमच्याकडेच केले, दोन्ही आवडले, म्हणून फिगर फोटोग्राफीचा, म्हणजे मानवी शरीराचे कलात्मक फोटो काढायचा, हा तिसरा फार विचार न करता बुक केला. शिकवण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, एकाच सॉफ्टबॉक्सने बाजूने लाइट दिला की पाठीचा कणा कसा उठून दिसतो ते मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. तक्रार आहे ती जी मुलगी सहा तास आमच्यासमोर उभी होती तिला तुम्ही कसं वागवलंत त्याबद्दल.

सकाळी शिकवणाऱ्या सरांनी आम्हा अकरा जणांना सांगितलं की आज इम्प्लाइड न्यूड आहे, म्हणजे कपडे नाहीत असं वाटेल पण कापड, हात, सावली यांनी झाकलेलं असेल. तिलाही हेच सांगून बोलावलं होतं, हे तिने मला नंतर सांगितलं. जेवणानंतर मात्र सर म्हणाले आता कापड बाजूला ठेवूया. ती म्हणाली, "असं ठरलं नव्हतं ना." त्यावर सर म्हणाले, "अगं इथे सगळे आर्टिस्टच आहेत, पाचच मिनिटं." समोर अकरा जण कॅमेरे घेऊन उभे, सगळ्यांनी पैसे भरलेले, सगळे तिच्याकडे बघतायत, आणि अंगावर धड कपडे नसलेली ती एकटी, तिचे दिवसभराचे पैसे अजून मिळायचेत. तिने कापड ठेवलं. याला तुम्ही होकार म्हणत असाल तर मी नाही म्हणत. मी पण तेव्हा काही बोललो नाही, कॅमेरा खाली केला एवढंच, आणि ते मला आजही टोचतं.

बाकीच्या गोष्टी छोट्या वाटतील पण त्याही लिहितो. कपडे बदलायला खोली नव्हती, बॅकड्रॉपच्या मागे जा म्हणाले, जिथून तुमचा असिस्टंट लाइट स्टँड घेऊन ये-जा करत होता. एसी इतका होता की माझ्या फोटोत झूम केलं तर तिच्या दंडावर आलेला काटा दिसतो. ब्रेकमध्ये घालायला गाऊन नाही, तेच कापड गुंडाळून ती कोपऱ्यात बसली. पोज दुरुस्त करायला सरांनी न विचारता खांदा धरून तिला वळवलं. एक जण तर सरळ मोबाइलवर शूट करत होता, त्याला कोणीच काही म्हटलं नाही. चित्रकलेच्या लाइफ क्लासमध्ये, म्हणजे मॉडेल समोर बसवून चित्र काढतात तिथे, मॉडेलला हात लावायचा नाही, ठरलेल्या वेळाने ब्रेक द्यायचा, ब्रेकमध्ये तिच्या अंगावर गाऊन असायलाच हवा, मोबाइल बाहेर काढायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगतात. तिथे तर कागदावर फक्त चित्र उरतं, इथे तिचा चेहरा उरतो, मग इथे जास्त जपायला नको का?

आता तुमच्या त्या रिलीजबद्दल. तो फॉर्म तिला संध्याकाळी, सगळं शूट झाल्यावर, मानधनाच्या पाकिटासोबत एकदमच दिला. मी लाइट आवरायला मदत करत तिथेच होतो. दमलेल्या माणसाला पैसे आणि फॉर्म एकत्र दाखवले तर तो फॉर्म कोण वाचणार आहे? सही घ्यायचीच होती तर आधी घ्यायची, शांतपणे बसवून, काय दिसेल, किती दिसेल, चेहरा येईल का, फोटो कुठे जातील, कोण विकू शकेल, हे एकेक विचारून. आणि सही झाल्यावरही शूटच्या मध्ये ती नको म्हणाली की थांबायचं. सही म्हणजे फार तर फोटो वापरायची परवानगी झाली, तिला वाटेल तसं वागवायची परवानगी त्यात कुठून आली?

सरांनी सकाळच्या स्लाइडमध्ये मेरिलिन मनरोचा लाल मखमलीवरचा फोटो दाखवला होता, लाइट किती सॉफ्ट आहे बघा म्हणून. घरी येऊन मी त्या फोटोबद्दल वाचलं. १९४९ साली तिला पैशांची अडचण होती, टॉम केली या फोटोग्राफरने तो काढला, तिला ५० डॉलर मिळाले, आणि आपलं नाव कळू नये म्हणून तिने रिलीजवर मोना मनरो अशी सही केली. पुढे तो कॅलेंडरवर छापला गेला, आणि तिथून ५०० डॉलरला हक्क घेऊन १९५३ च्या डिसेंबरमध्ये प्लेबॉयच्या पहिल्याच अंकात आला, पन्नास हजारांच्या वर प्रती खपल्या. तिला कोणी विचारलं नाही, वरचा एक पैसा मिळाला नाही. तिनेही रिलीज साइन केलेलंच होतं की. तुमच्या एका ओळीच्या उत्तराप्रमाणे तिथेही काही इशू नव्हता.

दुसरी स्लाइड एडवर्ड वेस्टनच्या वाळूच्या टेकड्यांवरच्या न्यूडची होती. तिच्यावर फोटोग्राफरचं नाव आणि १९३६ हे साल होतं, वाळूत झोपलेल्या कॅरिस विल्सनचं नाव नव्हतं. वेस्टनच्या गुगेनहाइम फेलोशिपचा अर्ज तिने लिहिला होता, ती स्वतः लेखिका होती. आमच्या मॉडेलचीही ओळख सकाळी "ही आजची मॉडेल" एवढीच करून दिली, मला तिचं नाव जेवताना कळलं, तेही मी विचारलं म्हणून.

आणि अराकी या जपानी फोटोग्राफरच्या फोटोंवर सर अर्धा तास बोलले, पण त्याची मॉडेल काओरी हिने २०१८ मध्ये काय लिहिलं ते बोलले नाहीत. सोळा वर्षं ती त्याची मॉडेल होती, कधी करार झाला नाही, अनोळखी लोकांसमोर तिला उघडं उभं केलं जायचं, फोटो कुठे छापणार ते तिला सांगितलं जायचं नाही, असं तिने स्वतः लिहिलंय. ते वाचताना मला आपला वर्कशॉपच आठवत होता, तिथेही अनोळखी लोक होते आणि त्यातला एक मी होतो. त्याच वर्षी जानेवारीत व्होग छापणाऱ्या काँडे नास्ट कंपनीने आपल्या मासिकांसाठी नियम काढले की शूटमध्ये नग्नता असेल तर मॉडेलशी आधीच बोलून तिची संमती घ्यायची. एवढ्या मोठ्या कंपनीला हे लिहून काढावं लागलं, तुम्हीही एक पानाचा नियम करा, एवढंच म्हणतोय.

वर्कशॉपनंतर जे झालं ते त्याहून वाईट. तुम्ही सगळ्यांना ड्राइव्हची लिंक पाठवलीत, ज्याच्याकडे लिंक असेल त्याला उघडता येईल अशी. त्यात सरांचे फोटो तर होतेच, पण तिच्या साइन केलेल्या फॉर्मचा स्कॅनही होता, खरं नाव, पत्ता, ओळखपत्राची कॉपी सगळं. म्हणजे तिचे उघडे फोटो आणि तिचा घरचा पत्ता एकाच फोल्डरमध्ये! मी त्याच दिवशी मेल केला, फोल्डर बंद व्हायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत किती जणांनी डाउनलोड केलं याचा हिशोब तुमच्याकडे आहे का?

मग तुमच्या पेजवर बिहाइंड द सीन्स रील आलं. त्यात तिचा चेहरा चार सेकंद स्पष्ट दिसतो, कापड बाजूला ठेवतानाचा. तो मोबाइलवर काढलेला शॉट आहे, म्हणजे ज्याला कोणी अडवलं नाही त्याचाच तुम्ही वापर केलात. तिच्या नात्यातल्या कोणीतरी ते पाहिलं. तिने तुम्हाला तीन मेसेज केले, उत्तर नाही, म्हणून तिने मला केला, कारण जेवताना मी तिला नंबर दिला होता. घरी काय झालं ते इथे लिहीत नाही, ते सांगायचं की नाही हे तिचं तिने ठरवायचं. हे पत्र मी तिला विचारून, तिला वाचून दाखवून पाठवतोय, तिने दोन वाक्यं काढायला सांगितली ती काढलीत.

रील आता काढलं तरी ज्यांनी सेव्ह केलंय त्यांच्याकडे ते राहणारच. संमतीशिवाय पसरलेले खासगी फोटो अडवायला स्टॉपएनसीआयआय नावाची एक ऑनलाइन सोय २०२१ पासून आहे, त्यात फोटो कुठे पाठवावा लागत नाही, आपल्याच मोबाइलवर त्याचा हॅश म्हणजे एक कोड बनतो आणि सामील असलेले प्लॅटफॉर्म त्या कोडवरून तसला फोटो अडवतात. मी तिला ते करायला मदत केली. पण फोटो क्रॉप केला किंवा बदलला तर तो निसटू शकतो, आणि जे प्लॅटफॉर्म सामील नाहीत तिथे काहीच होत नाही. तुमच्या चुकीसाठी ती रात्री बसून हे करतेय.

मला माझे पैसे परत नकोत. रील काढा, ज्या पेजना शेअर करायला दिलं असेल त्यांनाही काढायला लावा. अकरा जणांना लेखी कळवा की दुपारनंतरचे, म्हणजे कापड बाजूला ठेवल्यानंतरचे फोटो कोणीही पोस्ट करायचे नाहीत, स्टॉक साइटवर टाकायचे नाहीत, डिलीट करायचे. मी माझे केलेत, कार्डवरचे आणि बॅकअपमधलेही. लिंक कोणी कोणी उघडली त्याची यादी तिला द्या, तो तिचा पत्ता होता. आणि पुढच्या महिन्याचा जो वर्कशॉप तुम्ही जाहीर केलाय, त्याचं बुकिंग बंद ठेवा, जोपर्यंत वेगळी खोली, गाऊन, मोबाइलबंदी आणि शूटच्या आधी वाचून घेतलेला फॉर्म एवढं तयार होत नाही. त्या दिवशी मॉडेलच्या बाजूने बोलायला एक माणूसही तिथे ठेवा, ज्याचा पगार सरांच्या मर्जीवर नसेल.

मला उत्तर नंतर दिलंत तरी चालेल. आधी तिला फोन करा, नंबर तुमच्याकडच्या फॉर्मवर आहे.

तुमचा एक कस्टमर