शिफू, त्या दिवशी तुम्ही मला परत पाठवलंत

आदरणीय शिफू,
सप्रेम नमस्कार.

चिनीतून तुमचे आभार मानायला मी तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा 'शिए शिए'च्या पुढे गाडी सरकली नाही. म्हणून हे माझ्या भाषेत लिहिते आहे. ऑफिसातली मैत्रीण चिनी करून तुम्हाला वाचून दाखवेल. उघडं पत्र अशासाठी की मान धरून बसलेली मराठी माणसं शांघायमध्येही आहेत आणि घरीही आहेत. त्यांच्यासाठी सांगते: शिफू म्हणजे उस्ताद. तुम्ही इथे शांघायमध्ये ‘थ्वेना’ ही चिनी मालिश करता, आणि तुम्हाला डोळ्यांनी दिसत नाही.

पहिल्या दिवशी मी आले तेव्हा मान डावीकडे वळत नव्हती आणि हातात मुंग्या येत होत्या. त्याआधी एका मसाजच्या दुकानात कुणीतरी न विचारता मानेला कडकन झटका दिला होता, तेव्हापासून दुखणं वाढलं होतं. तुम्ही मला टेबलावर झोपवलंच नाहीत. कधीपासून, रात्री जाग येते का, कुठे पडलात का, मुंग्या नेमक्या कुठल्या बोटांत, असं सगळं विचारलंत. मग माझा अंगठा आणि तर्जनी स्वतःच्या मुठीत धरून म्हणालात, ‘‘दाबा.’’ दुसऱ्या हाताचंही तसंच केलंत. आणि म्हणालात, ‘‘उजवीकडे जोर कमी आहे. आधी हॉस्पिटल, मग मी.’’ पैसे घेतले नाहीत. पावसातून, दोन मेट्रो बदलून आले होते मी. त्या संध्याकाळी तुमचा फार राग आला होता, शिफू. त्याची आज माफी मागते.

एमआरआयमध्ये मानेतली एक चकती मज्जातंतूच्या मुळाला टेकलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, औषध आणि व्यायाम करा. मसाज चालेल, पण मानेला पीळ द्यायचा नाही. रिपोर्ट घेऊन आले तेव्हा तुमच्या मदतनिसाकडून तुम्ही तो दोनदा वाचून घेतलात.

मी कोल्हापूरची. मालिश म्हटलं की मला तेल, लाल माती आणि तालमीतले पैलवान आठवतात. ‘थ्वेना’त यातलं काही नाही. अंगावर सैल सुती कपडे तसेच, वरून पांढरं कापड आणि तेलाचा थेंबही नाही. थ्वे म्हणजे ढकलणं, ना म्हणजे पकडणं, आणि नावातच अर्धी रीत आली. तुमच्या हाताची करंगळीकडची बाजू माझ्या खांद्यावर लाटण्यासारखी फिरायची, मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा, आणि लय एकदाही तुटायची नाही. हात लाटण्याची ही रीत, ‘गुन्फा’, १९४०च्या दशकात याच शांघायमध्ये दिंग जीफंग यांनी घडवली, हे तुम्हीच अभिमानाने सांगितलंत. माणसाच्या पाठीला हात लावण्याआधी कितीतरी महिने वाळूच्या पिशवीवर हात घासल्याचंही सांगितलंत. डोळ्यांना दिसत नाही म्हणून हात तयार झाले, असं लोक म्हणतात. मला ते अर्धवट वाटतं. ते तयार झाले त्या पिशवीवर.

तुम्ही मला तीन शब्द शिकवलेत: सुआन, मा, जांग. मा म्हणजे मुंग्या, जांग म्हणजे आतून दाटून आल्यासारखं. सुआनचा अर्थ मैत्रिणीने ‘आंबट’ सांगितला तेव्हा मी टेबलावरच उठून बसले. आमच्याकडेही थकलेलं अंग आंबतंच की! तेवढ्या एका शब्दाने मला तुमच्या खोलीत घरच्यासारखं वाटलं. सुआन चालेल, पण ‘थोंग’ म्हणजे खरं दुखणं आलं की लगेच सांगायचं, हा तुमचा नियम. नवीन जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं हेच, की दात आवळून सोसू नका. जोर जास्त म्हणजे गुण जास्त, असं नसतं.

पहिल्या खेपेनंतर दोन दिवस खांदा ठणकत होता. तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत, म्हणून घाबरले नाही. पाठीवर कप, म्हणजे कातडी ओढून धरणारे पेले, लावायचे का, असंही एकदा विचारलंत. मी नको म्हटलं, आणि तो विषय तिथेच संपला. शेजारच्या टेबलावर आलेल्या बाईंना दिवस गेले आहेत कळताच हाताच्या अंगठ्याजवळची जागा आणि घोट्याच्या वरची जागा दाबायची नाही, असं तुम्ही मदतनिसाला बजावलंत, तेही मी ऐकलं. आणखी एका आजोबांची हाडं ठिसूळ होती, त्यांना तुम्ही नुसते हातांचे तळवे चोळून परत पाठवलंत.

सहा आठवड्यांत मुंग्या गेल्या. औषधाने किती, व्यायामाने किती, तुमच्या हातांनी किती, हे मला वेगळं काढता येणार नाही, आणि तुम्हीही कधी सगळं श्रेय मागितलं नाहीत. वाट मोकळी असली की दुखत नाही, ही तुमच्याकडची म्हण मला पाठ झाली आहे. अंगातून वाहते म्हणतात ती ऊर्जा, ‘ची’, मला अजून समजलेली नाही. पण दोन्ही हात मागे नेऊन आज सकाळी मी माझा अंबाडा स्वतः घातला. फेब्रुवारीपासून तो मुलगी घालून देत होती.

दिवाळीला घरी जाते आहे. येताना आईच्या हातचा चिवडा आणीन, तिखट कमी घालायला सांगते. परतल्यावर पहिल्याच शनिवारी, नेहमीच्या वेळेला येते.

आपली आभारी,
मंगळवार-शनिवारवाली