लोवित्जा सिस्टरांची ओळख आम्हाला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात करून द्या

मा. मार्क बटलर,
आरोग्यमंत्री, ऑस्ट्रेलिया

स. न. वि. वि.

आपण अॅडलेडचेच खासदार. लोवित्जा ओ'डोनाह्यू कोण होत्या, हे आपल्याला सांगायला नको. पण महाराष्ट्रातून इथे नोकरीला आलेल्या माझ्यासारख्या सिस्टरला ते वॉर्डात कुणी सांगितलं नाही. मी ते स्वतः वाचून शोधलं. त्या अॅबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवासी समाजातल्या परिचारिका आणि नेत्या होत्या.

दोन वर्षांच्या होत्या, तेव्हा आईपासून तोडून त्यांना मिशनच्या बालगृहात ठेवलं. पुढे अॅबोरिजिनल म्हणून रॉयल अॅडलेड हॉस्पिटलने नर्सिंगला घेतलं नाही. त्या थेट राज्याचे प्रीमियर (मुख्यमंत्री) प्लेफर्ड यांच्यापर्यंत गेल्या, आणि १९५४ साली तिथल्या पहिल्या अॅबोरिजिनल शिकाऊ परिचारिका झाल्या. नंतर त्या आसामात रुग्णसेवा करत होत्या. १९६२च्या चीन युद्धामुळे त्यांना तिथून निघावं लागलं. परतल्यावर दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या वाळवंटी भागात कामाला गेल्या. तिथे कूबर पीडी गावात नातलगांनी चेहऱ्यावरून ओळखलं, ही तर लिलीची मुलगी! तीस वर्षांहून अधिक काळाने आई भेटली.

आता वॉर्डातलं सांगते. डायलिसिससाठी शेकडो किलोमीटरवरून आणलेली एक अॅबोरिजिनल आजी. सिस्टर भराभर प्रश्न विचारते, आजी खाली बघत गप्प. फाइलवर शेरा पडतो, ‘सहकार्य करत नाही’. आजी विचार करत असते, किंवा सोबत बहीण असावी म्हणून थांबलेली असते. दोन दिवसांनी ती उपचार अर्धवट टाकून निघून जाते. अॅबोरिजिनल पुरुष आणि स्त्रियांचं आयुर्मान इतरांपेक्षा आजही आठेक वर्षांनी कमी आहे. त्याची कारणं पुष्कळ आहेत, पण हा शेरा थांबवणं आमच्या हातात आहे.

परदेशी परिचारिकांना नोंदणीआधी संगणकावर काही धडे दिले जातात. तेवढ्याने भागत नाही. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात, पगारी वेळेत, अॅबोरिजिनल आरोग्यसेवकांनी आम्हाला समोर बसवून शिकवावं. त्याचं मानधन त्यांना मिळावं, आणि त्या प्रशिक्षणाला लोवित्जांचं नाव द्यावं. मेलबर्नची अॅबोरिजिनल आरोग्यावरची संशोधनसंस्था २०१० पासून त्यांच्या नावाने आहेच. वॉर्डातही ते नाव हवं.

आसामातल्या रुग्णांची सेवा त्यांनी केली. त्यांच्या माणसांची सेवा नीट करता यावी, एवढंच आम्ही भारतातून आलेल्या सिस्टर मागतो आहोत. पुढच्या भरतीच्या आधी निर्णय व्हावा, ही विनंती.

आपली नम्र,
अॅडलेडमधील एक मराठी परिचारिका