तुळशी धरणाकाठच्या माणसांचे मनापासून आभार

मागल्या रविवारी घरचे सगळे धामोडजवळ तुळशी धरणाच्या काठी शेतघरात मुक्कामाला होतो. पोरांना गळाची भारी हौस. चिलापी मासे गळाला लागायला लागले आणि त्या गडबडीत धाकट्याच्या अंगठ्यात गळ रुतला. गळाला आत उलटा काटा असतो, मागं ओढला की मांस फाडतो. त्यात मोबाईलला रेंज नाही.

पलीकडं जाळं टाकणारे मामा हाक ऐकून धावत आले. "कुणी ओढायचं न्हाई," म्हणाले. दोरी तोडली, गळ हलू नये असं ओलं फडकं गुंडाळलं, आणि पोराला बोलण्यात गुंतवून ठेवलं. तेवढ्यात एका दूधगाडीवाल्या दादांनी कॅन तसेच ठेवून आम्हाला दवाखान्यात पोचवलं. डेअरीची वेळ टळत होती, पैसेही घेतले नाहीत. डॉक्टरांनी जागा बधिर केली, टोक पुढून बाहेर काढून काटा कापला आणि गळ अलगद मागं घेतला. सिस्टरनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं.

अंगठा आता बरा आहे. मामा, दादा, डॉक्टर, सिस्टर, तुमची नावं आम्हाला ठाऊक नाहीत, पण उपकार विसरणार नाही. कोल्हापुरात आलात तर जेवल्याशिवाय जायचं नाही.